तेराव्या भागापर्यंतचे रविवार

प्रणिताताईबरोबर मी दोन वर्षं आणि चार महिने राहिले. सिंगापूरला तोआ पायोहच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही दोघींनी मिळून भाड्याने घेतला होता. मी तेव्हा बॅटऱ्यांवर पोस्टडॉक करत होते, ती बुओना व्हिस्टाला एका डबिंग कंपनीत मराठी संवाद लिहायची. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी तिने एकच अट घातली. "गार्गी, दार आपटू नकोस. बाकी काहीही कर."

ती मूळची पुण्याची, सहकारनगरची. उंच, सावळी, केस नेहमी घट्ट बांधलेले. कमी बोलायची, पण बोलली की वाक्य पूर्ण करायची, अर्धवट सोडायची नाही. मला वाटायचं, हा तिच्या कामाचा परिणाम असावा. तिचा घटस्फोट झालाय आणि तिचा आधीचा नवरा सारंग इथेच जुरोंग ईस्टला राहतो, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, वीजबिल कोणाच्या नावावर आहे हे सांगावं तशा सुरात. त्यापुढे मी विचारलं नाही.

मुलीचं मला सात महिन्यांनी कळलं. आमच्या ब्लॉकखाली डेंग्यूच्या इशाऱ्याचा लाल फलक लागला होता. त्या दिवशी ती ऑफिसमधून आली आणि चप्पलही न काढता घरभर फिरली. कुंडीखालची ताटली, बाल्कनीतली बादली, बाथरूममधला मग, सगळं तिने पालथं घातलं. माझ्या टेबलावरच्या पेल्यात मनीप्लांटची एक फांदी होती. तीसुद्धा तिने उपसून कचऱ्यात टाकली.

मी हसून म्हटलं, "ताई, अगं काय हे! एक डास चावला तर मरत नाही माणूस."

ती खुर्चीवर बसली. "माझी मुलगी गेली," म्हणाली.

मग तिने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. मुलीचं नाव चैत्राली. चैत्रात झाली म्हणून. साडेचार वर्षांची होती. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी उतरला. त्या दुपारी तीन वाजता रक्त तपासायला या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सारंग कामासाठी जकार्तात होता. तो तिथून फोन करून सांगत होता, घेऊन जा. पण तीन रात्री न झोपलेली पोर त्या दुपारी पहिल्यांदा शांत झोपली होती. अंग गार होतं. प्रणिताताईला वाटलं, उतरला ताप, सुटलो. तिने तिला उठवलं नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चैत्राली उठली ती उलट्या करतच. अँब्युलन्स आली. दोन दिवसांनी सगळं संपलं.

"दुपारी नेलं असतं तर वाचली असती का, ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले," ती म्हणाली. "आणि सारंगने मला कधीच काही म्हटलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एका घरात राहिलो. एका शब्दानेही नाही."

एवढं बोलून ती उठली आणि चप्पल काढायला दाराशी गेली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिच्याकडे ती कोरियन मालिका आली. सोळा भाग. मी अशा मालिकांची वेडी, त्यामुळे मी आनंदाने उड्याच मारल्या. गोष्ट हलकीफुलकी होती. नूडल्स बनवणाऱ्या एका कंपनीत हे-जू नावाची मुलगी तक्रार विभागात काम करते. आठ वर्षांपूर्वी तिला सोडून गेलेला थे-सान एका सोमवारी तिथेच साहेब म्हणून येऊन बसतो. दोघांनाही वाटत असतं की आपल्याला दुसऱ्याने टाकलं. मग रोजची भांडणं, लिफ्टमध्ये अडकणं, एकमेकांचा डबा चुकून खाणं. मला पहिल्या दहा मिनिटांतच शेवट कळला होता. अशा मालिकांत तो कळतोच, आणि त्यासाठीच तर आपण त्या बघतो.

प्रणिताताईला मात्र ती जमेना. तिच्यासमोर इंग्रजीत उतरवलेले संवाद असायचे. त्यांवरून तिने मराठी लिहायचं, तेही पडद्यावरच्या ओठांना बसेल असं. मग ते मुंबईला जायचं आणि तिथे संजीव नावाचे दिग्दर्शक आवाजाच्या कलाकारांकडून बोलवून घ्यायचे. पहिले दोन भाग त्यांनी परत पाठवले. त्यांचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता.

"प्रणिता, हे-जू ठीक आहे. पण हा थे-सान असा काय बोलतो? शोकसभेत बोलल्यासारखा? लोकांना हसवायचंय गं त्याने!"

फोन ठेवल्यावर तिने लॅपटॉप मिटला. "सारंग असता तर एका मिनिटात सांगितलं असतं," ती म्हणाली. "नकला काय करायचा! आमच्या पुण्याच्या ऑफिसात सगळ्या साहेबांच्या करायचा. मी त्याच्या नकलांवरच..." आणि एरवी वाक्य पूर्ण करणारी ती, तिथेच थांबली.

मी म्हटलं, "मग विचार ना त्यांना."

"छे."

"का छे? घर बदलायला सांगत नाहीयेस. चार वाक्यं विचारायचीत. आणि ताई, चैत्रालीला जाऊन आठ वर्षं झाली. माणसं बोलत नाहीत म्हणूनच गोष्टी तशाच राहतात."

हे मी म्हटलं. अगदी याच शब्दांत. मला वाटत होतं मी शहाणपणाचं काहीतरी बोलतेय.

तिने लॅपटॉप परत उघडला. पण बुधवारी तिने सारंगला मेसेज केला, आणि रविवारी तो आला.

तो एक अख्खं कलिंगड घेऊन आला होता. जुरोंग ईस्टपासून एमआरटी मेट्रोने, मांडीवर धरून. दारात उभा राहून म्हणाला, "रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून घेतलं. बिशानला गाडी बदलताना कळलं की चूक झाली." बुटका, गोलसर, कानांवर केस पिकलेले. मी त्याला मनात खूप देखणा रंगवला होता. पण तो हसला की समोरच्यालाही हसू यायचं. प्रणिताताईला आलं. सहा वर्षांनी समोरासमोर आलेली ती दोघं एका कलिंगडाकडे बघून हसली आणि मग ते कुठे ठेवायचं यावर पाच मिनिटं बोलत राहिली.

मग ती दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली. पहिला प्रसंग असा होता की थे-सान ग्राहक असल्याचं सोंग करून तक्रार विभागात फोन लावतो आणि तो फोन हे-जूच उचलते. इंग्रजीत होतं, मला तक्रार करायची आहे, मला सोडून दिलं गेलं. प्रणिताताईने लिहिलं होतं, "माझी तक्रार आहे. माझा त्याग करण्यात आला."

सारंगने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "त्याग? तो काय वनवासाला निघालाय? थांब." त्याने नाक दाबून फोनवरच्या माणसाचा आवाज काढला. "मॅडम, पाकिटात मसालाच नव्हता हो! आठ वर्षं नुसत्या शेवया खातोय!"

मी स्वयंपाकघरात होते. मी हसले, पण माझ्याही आधी प्रणिताताईचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, घशातून, खोकला येईपर्यंत. दीड वर्ष मी तिच्याबरोबर राहत होते आणि तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. सकाळी दहाला यायचा, जेवून तीनच्या सुमाराला जायचा. ती हे-जूची वाक्यं वाचायची, तो थे-सानची. ओठांचा मेळ बसतो का हे बघायला तो बोटांनी टेबलावर अक्षरं मोजायचा. "एक जास्त होतंय. ‘अगं’ काढ." "‘अगं’ काढलं तर तो परका वाटेल." "मग ‘मला’ काढ. त्याला स्वतःचं काही पडलेलं नाहीये." अशी त्यांची भांडणं चालायची. संजीव आता फोनवर ओरडायचे ते आनंदाने. आठवड्याला एक भाग, कधी दोन, बिनचूक मुंबईला जात होते.

मी बघत होते. ती केस मोकळे सोडू लागली. शनिवारी संध्याकाळी खालच्या बाजारातून कोथिंबीर आणून निवडून ठेवायची, कारण सारंगला कोथिंबिरीच्या वड्या आवडत. एकदा आमच्या बाल्कनीतला दिवा गेला होता, तो बदलायला तो खुर्चीवर चढला तेव्हा तिने खुर्ची दोन्ही हातांनी धरली. खुर्ची भक्कम होती, हलत नव्हती. तरी तो उतरेपर्यंत तिने धरून ठेवली. मी माझ्या आईला फोनवर सांगितलंसुद्धा, की इथे एक संसार परत उभा राहतोय आणि मी तो उभा करून दिलाय. मनात मी पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. मला नवीन घर शोधावं लागेल, हेही.

चैत्रालीचं नाव मात्र त्या रविवारांत एकदाही निघालं नाही. मला ते चांगलं लक्षण वाटायचं.

तेरावा भाग मे महिन्यात आला. त्यात सगळा उलगडा होतो. आठ वर्षांपूर्वी दोघं पळून जाणार असतात. रेल्वे स्टेशनवर भेटायचं ठरतं. त्याने चिठ्ठीत लिहिलेलं असतं, बारा नंबरच्या दारापाशी. पण चिठ्ठीवर नूडल्सचं सूप सांडतं, बारातला एक पुसला जातो. ती दोन नंबरच्या दारापाशी थांबते, तो बारा नंबरच्या. दोघंही पहाटेपर्यंत थांबतात आणि दोघांनाही वाटतं, समोरचा आलाच नाही. तेराव्या भागात ती जुनी चिठ्ठी सापडते आणि ती दोघं तिच्याकडे बघून आधी हसतात, मग रडतात.

त्या रविवारी मी वरणफळं करत होते. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता ओटा होता. वरण उकळत होतं, मी पोळपाटावर चौकोनी तुकडे कापत होते.

प्रणिताताईने हे-जूचं वाक्य वाचलं. "म्हणजे नुसता आकडा चुकला होता?"

सारंगने थे-सानचं वाचलं. "नुसता आकडा."

पुढचं वाक्य तिचं होतं. ते तिने वाचलं नाही. मी वळून पाहिलं. तिने लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला होता.

"सारंग, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवसाबद्दल. तू मला दोष देतोस का?"

कोणता दिवस, हे त्याने विचारलं नाही. बोटं टेबलावरच होती, ती थांबली. मला तिथून निघून जायला हवं होतं. पण जायचं तर त्यांच्या मधूनच जावं लागलं असतं. मी गॅस बारीक केला आणि पाठ फिरवून उभी राहिले.

"हो," सारंग म्हणाला.



"अजून?"

"अजून. रोज नाही. पण देतो." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. दीड वर्ष एका बाईंकडे जात होतो, त्याच विषयावर बोलायला. डॉक्टर काय म्हणाले ते पाठ आहे मला. दुपारी नेलं असतं तरी कदाचित... सगळं माहितीय. पण तुझा फोनवरचा आवाज ऐकू येतो गं. ‘झोपलीय रे, कशाला उठवू.’ मी चार वेळा म्हटलं होतं, ने म्हणून."

"तीन वेळा," ती म्हणाली.

"चार. चौथ्यांदा म्हणत होतो तेव्हा तू फोन ठेवलास."

तिने मान हलवली. मला वाटतं, तिला आठवलं असावं.

"मग कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार होतो? तू जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस. त्यावर मी अजून हे टाकायचं? आणि नंतर वाटलं, तुला माहीतच आहे. न बोलताही घरात दिसतच होतं की."

"मला वाटायचं," ती म्हणाली. "खात्री नव्हती."

"मग आज कशाला विचारलंस, प्रणू?"

तिने लॅपटॉपकडे हात केला आणि परत घेतला. "वाटलं, तू नाही म्हणशील. इतके रविवार आलास. वाटलं, आता नाहीच म्हणशील."

सारंगने चष्मा काढून डोळे चोळले. "मी यायचो, कारण तुझ्याबरोबर मला हसता येतं. दुसऱ्या कोणाबरोबर इतकं येत नाही. ते खोटं नव्हतं. हेही खोटं नाही. दोन्ही आहे. तू विचारलं नसतंस तर मी येत राहिलो असतो."

"आणि आता?"

त्याने चष्मा परत चढवला.

वरणाला बुडबुडे येत होते. मी काय करावं हे न कळून त्यात फळं सोडली. ती शिजली. मग समोर होती म्हणून मी ताटं घेतली. आम्ही तिघं जेवायला बसलो. सारंगने तूप मागितलं. प्रणिताताईने दिलं. त्याने ताटातलं सगळं संपवलं, ताट विसळून ठेवलं, मला म्हणाला, "छान झाली होती." दाराशी तो बूट घालत असताना ती त्याच्या मागे उभी होती. दोघांनी एकमेकांना हात लावला नाही. तो गेला आणि तिने दार अगदी हळू लोटलं.

मी रडत होते. "ताई, माझं चुकलं. मीच म्हटलं होतं, बोलाव म्हणून."

ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "तू कोण गं मला सांगणारी? मला बोलवायचंच होतं. तू नुसती निमित्त." मग ती टेबलाशी जाऊन बसली आणि तेरावा भाग उरलेला होता तो तिने एकटीनेच पूर्ण केला.

चौदा, पंधरा, सोळा, तिन्ही भाग तिने आठ दिवसांत लिहिले. एकटीने. संजीव यांचा फोन आला तेव्हा ते हसून हसून दमले होते. "काय लिहिलंयस! स्टुडिओत रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. आमचा थे-सान हसूच आवरेना. कुठून सुचतं गं तुला?"

"सुचतं," ती म्हणाली.

मला ते भाग तिने वाचू दिले. खरंच फार विनोदी होते. शेवटच्या भागात लग्नाच्या मांडवात थे-सान हे-जूच्या आजीशी बोलतो, तिथे मी खूप हसले आणि हसताना मला स्वतःची लाज वाटली. त्या वाक्यांत मला सारंगचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्याच्याशिवाय तो आवाज तिने कसा लिहिला असेल, याचा विचार करवत नाही.

रविवार मात्र मोडून पडले. ती रविवारी खोलीतून बाहेरच यायची नाही. मी दारावर टकटक केली तर आतून म्हणायची, "झोपलेय." पण ती झोपलेली नसायची. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी जेवण नेऊन ठेवायचे, ती थोडं खायची, ताट स्वतः धुऊन ठेवायची. सोमवारी उठून, केस घट्ट बांधून कामाला जायची. ऑफिसात कोणाला काही कळलं नाही. मी एकदा समुपदेशकाचं नाव काढलं. ती म्हणाली, "तिला काय सांगू? माझा काही गैरसमज झालेला नाहीये."

जुलैमध्ये एका सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता बोलू लागली. "आठ वर्षं मी एका गोष्टीवर काढली. तो काही म्हणत नाही, म्हणजे कदाचित त्याला तसं वाटत नसेल. मीच स्वतःला खाते, तो नाही. एक माणूस तरी जगात आहे, ज्याला सगळं माहितीय आणि तरी तो मला दोषी मानत नाही. तेवढं पुरायचं मला. सकाळी उठायला पुरायचं." चहा गाळून झाला होता, तरी ती गाळणं धरून उभी होती. "आता तेही विचारून घेतलं."

मी तिच्या हातातलं गाळणं घेतलं.

सारंगने ऑगस्टमध्ये बदली मागून घेतली आणि तो ऑस्ट्रेलियाला गेला. जाण्याआधी त्याचा मेसेज आला. तिने फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, मी तेव्हा खोटं बोलायला हवं होतं का? रोज विचार करतो.

"काय लिहू?" तिने मला विचारलं. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालणारी बाई माझ्याकडे अशी बघत होती, जणू माझ्याकडे खरंच काही असेल. मी म्हटलं, "लिही की त्यांचं चुकलं नाही." तिने तसं लिहिलं. मग पुसलं. शेवटी तिने ‘नीट जा’ एवढंच पाठवलं.

मालिका ऑक्टोबरमध्ये आली आणि खूप चालली. पुण्याहून तिच्या आईंचा फोन आला. त्या ऐंशीच्या घरातल्या, कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोनवर ओरडून बोलायच्या, त्यामुळे मला माझ्या खोलीतही ऐकू आलं. "प्रणू, सगळी बघितली गं! शेजारच्या विमलताईसुद्धा येऊन बसायच्या. शेवटी भेटले ना दोघं, इतकं बरं वाटलं! तू पण एकदा सारंगशी मोकळेपणाने बोल बाई. मनातलं बोललं की सगळं सुटतं."

"हो आई," प्रणिताताई म्हणाली. "औषधं घेतेस ना वेळेवर?"

नोव्हेंबरात मला बंगळुरूला नोकरी लागली. फ्लॅट सोडायचा होता. मी तिला म्हटलं, पुण्याला जा ना ताई, आईजवळ राहा थोडे दिवस, हे काम तिथूनही होईल. ती म्हणाली, "चैतूला इथेच समुद्रात सोडलंय आम्ही. तिला टाकून कुठे जाऊ?" सारंग गेला होता, हे ती म्हणाली नाही. पण मला ते ऐकू आलं. आता चैतूसाठी इथे राहिलेली ही एकटीच होती.

तिने वुडलंड्सला एका तमिळ आजींच्या घरात एक खोली घेतली. सामान हलवताना मी गेले होते. खिडकीतून समुद्राची चिंचोळी पट्टी आणि पलीकडचं मलेशिया दिसायचं. आजी चांगल्या होत्या. पण खोलीत पलंग, कपाट आणि एक छोटं टेबल, एवढंच मावत होतं. दुसरी खुर्ची ठेवायला जागा नव्हती आणि तिने ती मागितलीही नाही.

गेल्या जानेवारीत एका परिषदेसाठी मी पुन्हा सिंगापूरला गेले. आम्ही बुओना व्हिस्टाला तिच्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, भेटलो. ती खूप वाळली होती. केस कापून अगदी बारीक केले होते. हातात एका कोरियन पाककलेच्या स्पर्धेचं काम होतं. "सोपं आहे," म्हणाली, "सगळे नुसतं चव सांगतात." माझ्या नोकरीचं, माझ्या आईचं, सगळं तिने नीट विचारलं. समोरचा भात तिने चमच्याने इकडून तिकडे केला आणि तसाच ठेवला.

आमच्याच टेबलावर एक मराठी जोडपं येऊन बसलं. आमचं बोलणं ऐकून ती बाई आनंदली. नुकतीच मुंबईहून आलेली, ओळखी शोधत असलेली. मांडीवर वर्षाचं बाळ. तिने आधी माझी चौकशी केली, मग प्रणिताताईकडे वळून विचारलं, "आणि तुम्हाला मुलं किती?"

पूर्वी कोणी हे विचारलं की प्रणिताताई म्हणायची, "एक मुलगी होती." ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची, पण ती तेच सांगायची, दर वेळी.

"नाही," ती म्हणाली. "मुलं नाहीत मला."

त्या बाईने मान डोलावली आणि बाळाला पेज भरवू लागली. प्रणिताताईने घड्याळ पाहिलं. दोन वाजेपर्यंत तिला एक भाग मुंबईला पाठवायचा होता. तिने ट्रे उचलला, मला म्हणाली, "पोचलीस की कळव," आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत रस्ता ओलांडून ऑफिसकडे निघून गेली.